केराबाईचा पुकारा

होनमाळ म्हणायला तालुक्याचं गाव. पण तालुका बाहेरून यायचा आणि दिवस मावळायच्या आत आपापल्या वाडीला निघून जायचा. मागं उरायची ती साठ-सत्तर घरं, एक मारुती, एक पीर, वाण्याची दोन दुकानं आणि कचेरी. कचेरी तेवढी गावापेक्षा मोठी. कुण्या जुन्या देशमुखाची काळ्या दगडाची गढी होती ती. देशमुख गेले, त्यांचे घोडे गेले, आणि इंग्रज सरकारनं गढीच्या एका अंगाला मामलेदार बसवला, दुसऱ्या अंगाला मुन्सफ कोर्ट. घोड्यांच्या पागेत दप्तर रचलं. सोलापूरहून नवा साहेब आला की गढी बघून खूश व्हायचा, आणि मग गाव बघून त्याचं तोंड उतरायचं.

पाऊस त्या बाजूला वाट चुकल्यासारखा यायचा. पिकावर भागत नव्हतं, म्हणून गाव जगायचं तारखांवर. सोमवार आणि गुरुवार कोर्टाचे. त्या दिवशी गढीपुढच्या चिंचेखाली गाड्या सुटायच्या, माणसं पटक्यानं तोंड पुसत बसायची. भांडण जितकं जुनं तितकं गावाला गोड. एखाद्या बांधाचं भांडण तीन पिढ्या चाललं, की न्हाव्याची, अर्ज लिहिणाऱ्याची आणि केराबाईच्या चुलीची तीन पिढ्यांची सोय.

केराबाईची चूल चिंचेच्या बुंध्याशी. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. वादी आणि प्रतिवादी एकाच पंगतीला बसायचे, कारण पंगत एकच होती. दोघांची कुरबूर सुरू झाली की ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "भांडाया आत मुन्सफ बसलाय की. हितं गप जेवा." आणि माणसं गप जेवायची. तिच्या आवाजाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आवाज तिला माळानं दिला होता. धनगराची लेक. लहानपणी ह्या टेकडीवरून त्या टेकडीवरची मेंढरं हाकेवर वळवायची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी सासूनं कानावर हात ठेवले होते. "सून आणली का कर्णा आणला गं बाई?" त्यानंतर घरात ती हळू बोलायची. हळू म्हणजे तिच्या मानानं. शेजारच्या तीन घरांना ऐकू जायचं तेवढं.

तिचा नवरा कोर्टाचा पट्टेवाला. त्याचं नाव बिरप्पा. हे आपण सांगायचं. केराबाईनं बावीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिला आईनं शिकवलं होतं आणि आईला आजीनं. ती त्याला 'आमचं माणूस' म्हणायची. बिरोबा तिचा कुळदेव, पण त्याच्याही नावात नवऱ्याचं नाव आलं; म्हणून ती देवाला नुसतं 'माळावरचा' म्हणायची. देव समजून घ्यायचा. देवालाही संसार आहेच.

बिरप्पाचं काम पुकाऱ्याचं. गढीच्या दरवाजाबाहेर एक उंच दगड होता. देशमुख त्यावर पाय देऊन घोड्यावर बसायचे. आता त्यावर लाल पट्टा आणि पितळी बिल्ला लावून बिरप्पा उभा राहायचा. त्याच्या आधी त्याचा बाप उभा राहिला होता. आतून कारकून नाव सांगायचा आणि बिरप्पा ते तीन वेळा पुकारायचा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आलं नाही तर संपलं. ज्यानं दावा लावला त्याचा दावा काढून टाकायचे, ज्याच्यावर लावला तो नसेल तर एकतर्फी निकाल. गाव लहान, पण दगड मोठा होता. त्याच्यावरून तालुक्याचं बरंवाईट व्हायचं.

त्या वर्षी बिरोबाच्या जत्रेत बिरप्पा तीन दिवस चांगभलं ओरडला, तीन दिवस ढोलावर ओव्या म्हणाला आणि चौथ्या दिवशी उठला तो आवाजाशिवाय. दोन दिवसांत येईल म्हणून सगळ्यांनी हळद-दूध पाजलं. मग ज्येष्ठमध झालं, लवंग झाली, कुणी सांगितलेला बाभळीचा काढा झाला. महिना झाला तरी कानाशी कुजबुजण्यापलीकडे काही नाही, भात्याचा वारा सुटावा तसं नुसतं हूं हूं. आणि नेमका त्याच महिन्यात धारवाडकडचा नवा मुन्सफ आला. तरणा, चष्मेवाला, टेबलावर घड्याळ उघडं ठेवून बसणारा.

गुरुवारी व्हायचं ते झालं. मायाक्का नावाची म्हातारी विहिरीच्या वाट्यासाठी आठ मैल चालून आली होती. चिंचेखाली बसली होती, समोर वीस हातांवर. बिरप्पानं तीनदा पुकारलं आणि तीनदाही तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. दावा काढून टाकला. म्हातारी दरवाजात बसून मोठ्यानं रडली, कानडीत आणि मराठीत. साहेबांनी तिचा नवा अर्ज घ्यायला लावला, आणि संध्याकाळी नाझर चनमल्लप्पा केराबाईच्या चुलीपाशी आला.

चनमल्लप्पा कोर्टाचा सगळा कारभार बघायचा. लिंगायत, पोट सुटलेला, मनानं मऊ. वाईट बातमी सांगायची असली की आधी भाकरी मागायचा. त्यानं भाकरी मागितली तेव्हाच केराबाई समजली.

"सांगा अण्णा. घास घशात अडकायच्या आधी सांगा."

"सायबांनी शेरा मारलाय केराबाई. सोमवारी परत कुणाला ऐकू गेलं न्हाय, तर बिरप्पाचा पट्टा उतरवायचा. दुसरा माणूस बघायचा."

बिरप्पा शेजारीच उभा होता. त्यानं पट्टा खांद्यावरून काढला, हातात धरला आणि त्याच्याकडे बघत बसला. पितळी बिल्ल्यावर बापाच्या हाताचा घासलेला खड्डा होता. पट्टा गेला तर माळावर परत मेंढरांमागं जावं लागेल ह्याचं त्याला काही नव्हतं. मेंढरं चांगलीच असतात. पण दगडावर त्याच्या घरचं माणूस उभं राहणार नाही, हे त्याला सोसणारं नव्हतं. आवाज असता तर त्यानं तसं सांगितलं असतं. केराबाईला न सांगताच कळलं.

चनमल्लप्पा गेल्यावर ती म्हणाली, "मी वरडते."

बिरप्पानं भुवया वर केल्या.

"बघताय काय? तुमी दगडावर हुबं ऱ्हावा आन तोंड उघडा. मी आतल्या देवडीत बसते, पहारेकरी बसत्यात तितं अंधारात. नाव तुमी मला हळू सांगा, मी वरडते. आवाज माजा, मिशा तुमच्या."

बिरप्पा त्या महिन्यात पहिल्यांदा हसला. आवाज आला नाही, पण पोट हललं.

शुक्रवारी सकाळी दोघं माळावर सरावाला गेली. बिरप्पा एका धोंड्यावर उभा राहिला, केराबाई खालच्या नेपतीच्या झुडपाआड बसली. त्यानं तोंड उघडलं, तिनं हाक दिली. पहिल्या हाकेला कुणाची तरी चाळीस मेंढरं चरणं सोडून पळत आली आणि बिरप्पाभोवती गोळा झाली. दुसऱ्या हाकेला मेंढरांचा मालकही आला. त्यानं बिरप्पाकडे बघितलं, झुडपाकडे बघितलं, आणि "रामराम" म्हणून मेंढरं घेऊन निघून गेला. दोघांनी सगळा विचार केला. तोंड कधी उघडायचं, कधी मिटायचं, खोकला आला तर काय, नाझर मध्ये आला तर काय. सगळं ठरलं. एकच गोष्ट राहिली, आणि ती राहिली हे सोमवार उजाडेपर्यंत दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सोमवारी कोर्ट भरलं. कारकून आतून आला, नाव सांगितलं, बिरप्पानं वाकून ते देवडीत पोचवलं आणि ताठ उभं राहून तोंड उघडलं. दरवाजाच्या कमानीतून असा पुकारा निघाला की चिंचेखालच्या बैलांनी माना वर केल्या. पहिला माणूस धावत आला. दुसरा आला. तिसऱ्या नावाला मायाक्काच होती. ती पुकारा संपायच्या आधीच उंबऱ्यात. जाता जाता तिनं देवडीत डोकावून बघितलं, "यव्वा!" म्हणाली आणि तोंडावर पदर धरून आत गेली.

चिंचेखाली कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "पट्टेवाल्याचा आवाज परत आला, पर बायकूचा आला जणू!" माणसं हसली, पण सांगायला कुणी गेलं नाही. त्यांनी सगळ्यांनी त्या चुलीवरची भाकरी खाल्ली होती.

चौथं नाव आलं. बिरप्पा वाकला आणि कुजबुजला, "बिरप्पा बिन कोंडीबा बंडगर, राहणार सिदवाडी."

देवडीतून काही आलं नाही. बिरप्पा तोंड उघडून उभा. माशी आत जाऊन बाहेर आली. त्यानं परत वाकून सांगितलं.

"ऐकलंय," केराबाई आतून म्हणाली. "मला घेता येत न्हाय."

"का?"

"नाव हाय ते. तुमचं."

बिरप्पाचं तोंड उघडंच राहिलं. तालुक्यात दगड मारला तर तो कुठल्या तरी बिरप्पाला लागायचा. दर तिसऱ्या धनगराच्या घरी बिरोबाचा नवस आणि दर नवसाला एक बिरप्पा. आणि एवढं ठरवताना दोघा नवराबायकोंना हे सुचलं नाही, कारण त्या दोघांच्या बोलण्यात ते नाव कधी आलंच नव्हतं. नसलेली वस्तू हरवली हे कळणार कसं?

पहिला पुकारा बिरप्पानं स्वतः केला. गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळे बाहेर आले, पण आवाज समोर बसलेल्या कुत्र्यापर्यंतही गेला नाही. आत कारकुनानं एक मोजला.

दुसरा केराबाईनं केला, नाव टाळून. "सिदवाडीकर! बंडगर! कोंडीबाचा थोरला! हाजीर होऽऽ!"

चिंचेखालून चार माणसं उठली. सिदवाडी सगळी बंडगरांची आणि कोंडीबाही तीन. "मी का?" "तुजी तारीक हाय का?" "माजी गुरवारी." "मग बस की खाली!" असा गोंधळ उडाला. ज्याला बोलवत होते तो त्यात नव्हताच. तो पहाटेपासून चालत आला होता, केराबाईकडे दोन भाकरी खाऊन, तिला सांगून ओढ्याला शेळ्यांना पाणी दाखवायला गेला होता, आणि त्याचा ओढ्याकाठचा चराईचा हक्क आत टेबलावर पडला होता.

गोंधळ ऐकून मुन्सफ साहेब स्वतः बाहेर आले. एका हातात टाक, दुसऱ्यात घड्याळ, मागं चनमल्लप्पा. साहेबांना बघून बिरप्पानं भीतीनं तोंड गच्च मिटलं. आणि नेमक्या त्याच वेळी देवडीतून आवाज आला, "आवं कोंडीबाचा थोरला! वड्याला गेलेला!"

साहेबांनी मिटलेल्या मिशांकडे बघितलं. मग देवडीकडे.

"हा कोण ओरडतो?"

चनमल्लप्पा स्वतःच्या वहाणांकडे बघायला लागला. त्यांच्यात त्याला एकदम फार काही दिसलं.

केराबाई बाहेर आली. पदर डोक्यावर घेतला, पण मान खाली घातली नाही. "मी वरडते सायेब. मी ह्येंची मंडळी."

"पट्टेवाल्याचे काम तू का करतेस?"

"त्येंचा घसा गेलाय. माजा हाय. घर एकच."

चिंचेखालून कुणीतरी "बरूबर हाय" म्हणालं. साहेबांनी तिकडे बघितलं तसं ते गप झालं.

"ठीक. मग 'कोंडीबाचा थोरला' हे काय नाव आहे? दोन पुकारे झाले. तिसरा नावानिशी झाला पाहिजे, नाही तर मी दावा काढून टाकीन. आणि ह्या माणसाचा पट्टाही. घे नाव."

"घेता येत न्हाय."

साहेबांनी चष्मा सारखा केला. चनमल्लप्पा पुढं वाकला आणि कानडीत त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. साहेबांचा चेहरा जरा बदलला. त्यांच्याही घरी धारवाडला बायको होती आणि तीही त्यांना 'अहो' म्हणत असणार. पण घड्याळ हातात होतं.

"कायद्याला हे ठाऊक नाही," ते म्हणाले. आवाज मघापेक्षा कमी कडक होता, पण शब्द तेच होते.

केराबाईनं बिरप्पाकडे बघितलं. त्यानं पट्ट्याच्या बिल्ल्यावर हात ठेवला होता. तिनं ओढ्याकडे बघितलं. तिथवर हाक जायची तर दगडावरूनच जाणार होती. ती मुन्सफाला भीत नव्हती. ती भीत होती ती एकाच गोष्टीला, की बावीस वर्षं राखलेला शब्द तोंडातून निसटावा आणि ह्या माणसाचं काही कमीजास्त व्हावं. नाव घ्यायची एकच रीत बिनदोषाची. लग्नात उंबऱ्यावर नणंदा आडव्या येतात तेव्हा घेतात तशी. पण ती चार बायकांत, हळदीच्या अंगानं, लाजत घ्यायची. शंभर पुरुषांपुढं, देशमुखाच्या घोड्याच्या दगडावर चढून कुणी घेतल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

मग तिनं मनाशी म्हटलं, ऐकलं नसंल तर आता ऐकतील.

तिनं पदर कमरेला खोचला. नवऱ्याला म्हणाली, "सरका." बिरप्पा दगडावरून उतरला. ती चढली, ओढ्याकडे तोंड केलं, आणि माळावरच्या मेंढरांना द्यायची ती हाक दिली:

"चिंचेच्या झाडाखाली गाड्यांची दाटीऽऽ,
बिरप्पाचं नाव घेते सरकारी कामासाठीऽऽ!
कोंडीबाचा ल्योक, बंडगर, सिदवाडीचा, हाजीर होऽऽ!"

एक क्षण चिलीम ओढणाऱ्यांनी धूरसुद्धा सोडला नाही. मग मघाचा म्हातारा मांडीवर थाप मारून हसला, आणि सगळी चिंच हसली. वकील हसले, अर्ज लिहिणाऱ्यानं दौत सांडली. बिरप्पा दगडाच्या खाली उभा होता, मान खाली, कानाच्या पाळ्या लाल, बाशिंग तेवढं बांधायचं राहिलेला नवरदेव.

आणि लांब ओढ्यातून आवाज आला, "आलूऽऽ! आलू आलूऽऽ!"

सिदवाडीचा बिरप्पा बंडगर पळत आला. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, एक शेळी दाव्यासकट मागं. त्यानं साहेबांना, नाझराला आणि चुकून केराबाईलाही मुजरा केला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "हजर," ते कारकुनाला म्हणाले. "शेळी बाहेर बांध."

दुपारी साहेबांनी चनमल्लप्पाला आत बोलावलं. नियमांची जाड वही टेबलावर होती. चनमल्लप्पानं ती पुढून चाळली, मागून चाळली.

"साहेब, बाईनं पुकारू नये असं ह्यात कुठं लिहिलेलं नाही."

"लिहायचे कुणाच्या डोक्यातच आले नसेल," साहेब म्हणाले. मग टाक बुडवला आणि शेरा लिहिला, की पट्टेवाल्यानं पुकारा आपल्या जबाबदारीवर करवावा, आवाज स्पष्ट असावा. खाली सही केली. आणि तोंडी एक हुकूम जोडला, "उखाणा दोन ओळींचा. कोर्टाला वेळ नाही."

पट्टा बिरप्पाच्या खांद्यावर राहिला. आवाज मात्र पुरता कधी परत आला नाही. बोलण्यापुरता आला, पुकारण्यापुरता नाही. तो कागद पोचवायचा, दप्तर वाहायचा, साहेबांची छत्री धरायचा. दगडावर केराबाई उभी राहायची. एका अंगाला भाकरी थापायची, नाव आलं की हात झटकून चढायची, पुकारायची आणि तवा करपायच्या आत परत यायची. मुन्सफ बदलले. प्रत्येक नवा साहेब पहिल्या दिवशी दचकायचा आणि दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी ठेवायला सांगायचा.

त्यातून आणखी एक काम तिच्या गळ्यात आलं. साक्षीला बाया यायच्या. आत कारकून विचारायचा, "नवऱ्याचं नाव काय?" की बाई गप. दोनदा विचारलं की रडू. आधी अशा वेळी साक्ष अर्धी राहायची आणि बाईचंच नुकसान व्हायचं. आता बाई आत जायच्या आधी केराबाई तिला चुलीपाशी बसवायची. "रडतीस कशाला? रडून काय जिमीन मिळती व्हय? चल, बांधू दोन वळी. काय पिकतं तुमच्याकडं? जुंधळा? मग जुंधळ्यानं सुरू कर." आणि मग कोर्टात जोंधळ्याच्या, करडईच्या, काळ्या म्हशीच्या ओळींमधून एकेक नवरा कागदावर उतरायचा. वकिलांना घाई असायची, पण उखाणा संपेपर्यंत थांबायचे. एक वकील तर 'आणखी एक होऊ द्या' म्हणायचा.

तारखांच्या आदल्या संध्याकाळी, रविवारी आणि बुधवारी, नाझर चनमल्लप्पाला यादी घेऊन तिच्याकडे यावं लागायचं. तसा तिचा हुकूमच होता. वाचता तिला येत नव्हतं. तो वाचायचा, ती ऐकायची.

"उद्या किती?" ती पीठ मळता मळता विचारायची.

"बिरप्पे तीन."

"लई हायेत. कोण कोण?"

"एक वादी, मळेगावचा. एक साक्षीदार. आणि एक सिदवाडीचा, तो गेल्या महिन्यात वारला. पण कागदावर दावा त्याच्याच नावाचा हाय, म्हणून त्याच नावानं पुकारायचा, वारसानं यायचं."

केराबाईचे हात थांबले. "न्हाय अण्णा. मेलेल्याला मी माज्या उखाण्यात घालणार न्हाय. आमचं माणूस जित्तं हाय, समोर बसून भाकर खातंय."

"अवो, पण कागद..."

"कागद तुमच्याच हातात हाय न्हवं? ल्योकाचं नाव घाला. म्हाद्या हाय त्येचं नाव. म्हाद्या म्हणाया मला कसली आडकाठी न्हाय. म्हणाल तर चारदा पुकारते."

चनमल्लप्पानं बिरप्पाकडे बघितलं. बिरप्पानं तोंडातला घास चावत खांदे उडवले. नाझरानं कानावरची शिसपेन्सिल काढली, ओली केली, आणि वारसाची नोंद उद्या सकाळी कोर्ट उघडताच साहेबांपुढं पहिली घ्यायची असं यादीवर लिहून ठेवलं.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं. दोनच उखाणं बांधायचं मग," केराबाई म्हणाली, आणि तिनं त्याच्यापुढं गरम भाकरी टाकली.